तिसऱ्या खणातला खोकला

पभ्या, तुझ्याच पद्धतीनं सुरुवात करतो, म्हणजे नंतर कटकट नको. तुझा नियम होता की इशारा द्यायचा तर तीनच गोष्टी सांगायच्या: काय झालं, काय करायचं, काय करायचं नाही. तर घे. काय झालं: तू गेलास. काय करायचं: कोणालाच माहीत नाही. काय करायचं नाही: रडायचं नाही, असं रेखावहिनींनी मला दारातच बजावलं आणि स्वतः आत जाऊन रडल्या.

आता तू म्हणशील, "झालं ना सांगून? मंग थांब. काहून वाढवून राहिला?"

वाढवणार. जन्मभर तू माझी वाक्यं कापलीस. आता तुझा हात कात्रीपर्यंत पोचत नाही, त्याचा मी पुरेपूर फायदा घेणार आहे.

लोक विचारतात, तुमची एवढी दोस्ती कशी जमली? मी स्टेजवरचा माणूस. निवेदन करतो, गोष्टी सांगतो, माईक दिसला की मला बाळसं येतं. तू कॉलेजातल्या कॉम्प्युटर लॅबचा माणूस, चार शब्दांत पाचवा आला तर त्याला घाम फुटायचा. पण दोघांना एकच खूळ होतं. उमरेड, सावनेर, कन्हानकडच्या गावांतून म्हाताऱ्याकोताऱ्यांचे आवाज गोळा करायचे. दंडारीच्या लोकनाट्यातली सोंगं, दळणाची गाणी, कोळशाच्या खाणीतले किस्से, शेजारणीला द्यायच्या ठेवणीतल्या शिव्या. मी माणसांना बोलतं करायचो आणि तू ते बोलणं मरू द्यायचा नाहीस. इतवारीच्या गल्लीतल्या त्या वरच्या खोलीत आपलं सगळं भांडार. आणि भांडार म्हणजे काय, तर चार खणांचा एक काळा डब्बा.

"चार डिस्क आहेत," तू मला पहिल्यांदा समजावलंस. "हे भजनी मंडळ समज. एकाचा आवाज बसला तरी बाकीचे तिघं त्याची ओळ भरून काढतात. ऐकणाऱ्याले कळतही नाही."

"आणि दोघांचा बसला तर?"

"तर आरती करून घरी जायचं."

ही तुझी आयुष्यातली एकमेव उपमा. मी टाळ्या वाजवल्या, तर तू लाजून फॅन साफ करायला घेतलास.

खरी भांडणं तिथून सुरू झाली. डब्बा आणणं सोपं होतं. डब्ब्यानं कधी बोलावं, काय बोलावं आणि कोणाशी बोलावं, यावर आपण जेवढं भांडलो तेवढं लोक लग्नाच्या याद्यांवर भांडत नाहीत.

पहिल्या उन्हाळ्यात तू सगळेच इशारे चालू ठेवलेस. रोज दुपारी माझा फोन ओरडायचा: तापमान वाढलं, तापमान वाढलं. मी तुला विचारलं, "पभ्या, मे महिन्यात नागपुरात गरम होतं, ही बातमी आहे का बे?" तू माझ्या फोनवरचे सगळे इशारे मोजलेस. मग म्हणालास, "बरोबर आहे तुझं. रोज ओरडणाऱ्याकडे कोणी पाहत नाही." आणि कंपनीनं ठरवून दिलेला आकडा बाजूला ठेवून आपल्या गावच्या उन्हाला झेपेल असा आकडा टाकलास. आपल्या सगळ्या भांडणांतलं मी जिंकलेलं हे एकच. त्याबद्दल तुला मी किती वर्षं छळलं, ते तुला ठाऊकच आहे.

दुसरं भांडण नावांच्या क्रमाचं. डब्ब्यानं हाक मारली की ती आधी तुझ्या फोनवर जाणार. अर्ध्या तासात तू 'पाहिलं' हे बटण दाबलं नाहीस तरच माझ्याकडे येणार. मी म्हटलं, "माझं नाव दुसरं? मी पत्रिकेवर दुसरं नाव लावून घेत नाही."

"तू फोन उचलतो कधी? स्टेजवर असला की बंद, घरी असला की उशीखाली. तू पडद्यामागं राहा. मी नाही उचलला तरच तुझी एंट्री."

तेव्हा मी फार हसलो. माझी एंट्री कशी व्हावी, हे तू किती सहज ठरवून टाकलं होतंस!

आणि तिसरं भांडण, जे मिटलंच नाही. इशाऱ्याचा मजकूर मी लिहिणार, असा मी हट्ट धरला. मशीनच्या पोटातून इंग्रजी खडे पडण्यापेक्षा मराठीत दोन रसाळ वाक्यं आली तर काय बिघडतं? तू हो म्हणालास, कारण तुला माझा उत्साह मोडवत नसे. मी लिहिलं:

"रसिकहो, तिसऱ्या खणातून खोकल्याचा आवाज येत आहे! तब्येत नरम दिसते. वैद्यबुवा, ऐकताय ना?"

आणि त्याच्यापुढची पायरी:

"तिसऱ्या खणानं मैफल सोडली! उरलेले तिघे सूर धरून आहेत. पडदा पडू देऊ नका!"

तू वाचलंस. चष्मा काढलास. "छान आहे. पण काय करायचं ते कुठं लिहिलं?"

"भावनेतून कळतं ते."

"नौटंकी," तू म्हणालास, (हे तू माझं नावच पाडलं होतंस), "हा मेसेज वाचणारा माणूस घाबरलेला असते. घाबरलेल्याले शोभा नको. त्याले सांग, तिसरी डिस्क गेली. कपाटातली नवी लाव. दुसऱ्या कोणत्या खणाले हात लावू नको. बस."

"हे तर रेशन दुकानाबाहेरच्या पाटीसारखं झालं."

"पाटी वाचून माणूस रांगेत तरी लागते ना?"

मी ऐकलं नाही. मजकूर माझाच राहिला. तुझ्याकडून तो दरवेळी वाचला जाणार आणि तुला न लिहिलेलंही कळणार, मग अडतं कुठं? असं मला वाटायचं.

अरे हो, अजून एक राहिलंच. रोज सकाळचा मेसेज. डब्बा रोज सकाळी सातला सांगणार: "चारही डिस्क ठीक. काही करायचं नाही." हे मात्र तुझं लिखाण, त्यात एक शब्द घालू दिला नाहीस. मी म्हटलं, "सगळं ठीक आहे हे रोज सांगायला कोण येतं? आणि काही करायचं नाही, हेही सांगायचं? मला सकाळी उठून काही करायचं नाही, हे सांगायला मशीन लागत नाही. ती माझी जन्मजात कला आहे."

"गप्प म्हणजे ठीक, असं नसते गा. सांगणाराच मेला असला तर? ज्या दिवशी 'ठीक' येणार नाही, त्या दिवशी समजायचं."

"माझं नाव काढ त्यातून."

काढलंस. निमूटपणे. त्या दिवसापासून 'ठीक' तुझ्या एकट्याच्या फोनवर यायला लागलं.

पभ्या, आता एक विचारतो. डब्ब्याला खोटं बोलायची परवानगी नव्हती, मग तुला कशी होती? गेलं वर्षभर मी फोन केला की तू "मस्त!" म्हणायचास. जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरचं पोस्टर वाचायला लागायचास. ते पोस्टर शिकवणीच्या वर्गाचं होतं. साठीकडे झुकलेला माणूस दहावीच्या शिकवणीची जाहिरात रोज एवढ्या मन लावून वाचतो, हे मी पाहत होतो आणि त्यावर विनोद करत होतो. तूही हसत होतास. असो.

आपला सण आठवतो? बाकीच्या नागपूरसाठी तो पोळ्याचा दुसरा दिवस, मारबतीचा. काळी-पिवळी मारबत निघते, बडग्ये निघतात, अख्खं गाव वर्षाची दुखणी त्या पुतळ्यांच्या गळ्यात बांधून गावाबाहेर जाळायला नेतं. आणि आपण वरच्या खोलीत चालू डब्ब्यातली सगळ्यात जुनी डिस्क मुद्दाम उपसून काढायचो. तुझी ही पद्धत ऐकून तुझ्या लॅबमधले लोक कपाळावर हात मारायचे. चालू मशीन कोणी मुद्दाम मोडतं का?

"जे वाजवून पाहिलं नाही, ते वाजेल असं धरून चालू नये," हे तुझं उत्तर.

डिस्क बाहेर आली की भोंगा वाजतो का, मेसेज येतो का, तू 'पाहिलं' न दाबता बसलास तर अर्ध्या तासानं माझा फोन वाजतो का, सगळं तपासायचं. मग कपाटातली नवी डिस्क घालायची. "हाताशी डिस्क नसेल तर अलार्म म्हणजे नुसती बोंब," म्हणून कपाटात एक नवी कायम असायचीच. आणि खण ओढण्याआधीचा तुझा विधी! एकानं पडद्यावरचा आकडा मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं लुकलुकणाऱ्या दिव्याच्या खणावर हात ठेवून तो परत म्हणायचा. मगच ओढायचं. "एकट्यानं कधी ओढू नको. एकट्या माणसाले आपलंच खरं वाटते." तेवढ्यात खालून मिरवणूक आली की मी जुनी डिस्क हातात घेऊन खिडकीत उभा. "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" खालचे लोक वर बघून ओरडायचे, तू मागून माझा सदरा ओढायचास, आणि मग दोघं तर्री-पोहे खायला.

या वर्षी तू श्रावणातच गेलास. मारबतीला खोलीवर जायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. तेराव्यापासून मी त्या गल्लीतूनच गेलो नव्हतो. कशासाठी जायचं? हाक आली असती तर मला आलीच असती. आणि माझा फोन गप्प होता.

मारबतीच्या सकाळी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, आज हे खोलीवर जायचे ना?"

"हो वहिनी. पण या वर्षी..."

"ते राहू द्या. मले एक सांगा, तुम्ही यांच्या फोनवरचा तो ठीकचा मेसेज बंद केला का?"

मी म्हटलं, मी कशालाही हात लावलेला नाही.

"मंग येत काहून नाही? मी फोन चार्ज करून ठेवते. सकाळी टिंग वाजलं की बरं वाटते, यांच्या नावानं कोणी तरी येते. आता काही दिवस झाले, वाजतच नाही. बंद नका करू, भाऊजी."

पभ्या, मी हातातला चहा खाली ठेवला. ज्या दिवशी 'ठीक' येणार नाही, त्या दिवशी समजायचं.

मी तसाच तुझ्या घरी धावलो. वहिनींनी तुझा फोन पुढे केला. त्यात माझा खोकला होता आणि माझी मैफलही होती. दोन्हींपुढे 'पाहिलं'.

"हे कोणी दाबलं?"

"मीच. यांना उत्तर न देता ठेवलेलं आवडत नसे. दारात आलेल्या माणसाले काय तसंच उभं ठेवायचं?" मग थोड्या ओशाळून म्हणाल्या, "पयला वाचून मले हसू आलं. म्हटलं, भाऊजींची नौटंकी मशीनमधूनही चालूच आहे. हे गेल्यावर पयल्यांदा हसले मी. काही चुकलं का?"

चुकलं काहीच नव्हतं. बाईनं नवऱ्याच्या वतीनं शिष्टाचार पाळला होता. डब्ब्याला वाटलं, पभ्यानं पाहिलं. म्हणून तो माझ्याकडे आलाच नाही. आणि काय करायचं, हे मी त्या दोन रसाळ मेसेजांत कुठेही लिहिलं नव्हतं. तिसरी डिस्क गेली, नवी लावा, एवढं लिहिलं असतं तर वहिनींनी त्याच दिवशी मला हाक मारली असती.

तू जिंकलास. पण एक सांगतो, तुझी पाटी वाचून ती हसली नसती. तेवढं माझ्या बाजूनं लिहून ठेव.

वहिनी माझ्याबरोबर निघाल्या. "घरात यंदा सण नाही," मी म्हटलं.

"हा काय सण आहे? हे काम आहे."

इतवारीत पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल, बडग्ये, छपरांवर माणसं. जिन्यातच भोंगा ऐकू आला, बंद खोलीत एकट्यानं रडणाऱ्या पोरासारखा. तिसऱ्या खणावर लाल दिवा. भजनी मंडळ इतके दिवस तिघांवर चालू होतं. दुसरा कोणी बसला असता तर सगळंच गेलं असतं. सगळंच म्हणजे, जुन्या आवाजांची दुसरी प्रत माझ्या घरी आहे, तूच ठेवायला लावली होतीस. पण गेल्या वर्षभरातलं फक्त इथे होतं. तुला दम लागत होता, मला कार्यक्रम होते, प्रत करायची राहून गेली. कन्हानच्या गिरजाबाईंची दळणाची गाणी त्यातच. आपलं शेवटचं जाणं. गिरजाबाई उन्हाळ्यात गेल्या, आणि मग तू.

"वहिनी, तुम्ही आकडा वाचा. मी हात ठेवतो."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "तिसरा खण."

"तिसरा खण," मी म्हणालो आणि मूठ आवळली.

"थांबा, भाऊजी!"

माझा हात दुसऱ्या खणावर होता. दिवा शेजारी लुकलुकत होता. डोळ्यांत पाणी असलं की चार खण सहा दिसतात, हे तुझ्या नियमांत कुठे नव्हतं. पण नियम असा होता की त्यात हेही सावरलं गेलं. मी तो ओढला असता तर गिरजाबाई पुन्हा गेल्या असत्या आणि त्यांच्याबरोबर तूही.

"परत," वहिनी म्हणाल्या, अगदी तुझ्या आवाजात. "तिसरा खण. हात उजवीकडं घ्या. आता म्हणा."

"तिसरा खण."

ओढला. कपाटातली नवी डिस्क घातली. भोंगा थांबला, आणि तेव्हा कुठे खालचा गलका खोलीत शिरला. "घेऊन जा गे मारबत!" सवयीनं मी जुनी डिस्क उचलून खिडकीकडे वळलो. वहिनींनी ती माझ्या हातातून काढून घेतली.

"यात यांचाही आवाज होता ना?"

"थोडासा. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला गावाचं नाव सांगायचा."

"मंग ही नाही देत मी मारबतीले." आणि पदरात गुंडाळून ठेवली.

त्या थोड्याशा आवाजावरूनही आपण भांडलो होतो, आठवतं? मी म्हणायचो, सुरुवातीचा तुझा खरखरीत आवाज कापू, ऐकणाऱ्यांना गाणं हवंय. तू म्हणायचास, राहू दे, नाही तर कोण कुठलं ते कळणार नाही. बरं झालं, पभ्या, कात्री कायम तुझ्याकडेच होती.

वहिनींना तेव्हाच ऐकायचं होतं. मी नाही म्हटलं. नवी डिस्क भरत असताना डब्ब्यावर उगाच भार टाकायचा नाही, हा तुझा नियम. मग आम्ही नावांचा क्रम उघडला. पहिल्या जागी तुझा नंबर. माझं बोट त्यावर गेलं आणि तिथेच राहिलं.

"काढा," वहिनी म्हणाल्या. "इशारा यांच्या फोनवर जाऊन पडला तर काय उपयोग? तुमचा पयला घाला, माझा दुसरा. फोन उशीखाली ठेवला तर मी घरी येऊन उठवीन." थोड्या वेळानं म्हणाल्या, "ठीकचा तेवढा यांच्याकडं येऊ द्या."

तो येऊ दिला. त्यात माझंही नाव परत घातलं. आणि माझे सगळे मजकूर पुसून तुझे लिहिले. तिसरी डिस्क गेली. कपाटातली नवी लाव. दुसऱ्या कोणत्या खणाले हात लावू नको. 'खणाले' तसंच ठेवलं. तेवढी माझी नौटंकी चालवून घे.

घरी गेलो, पण जीव तिकडेच. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला.

"चारही डिस्क ठीक. काही करायचं नाही."

हे वाक्य मी किती वर्षं हसण्यावारी नेलं! त्या सकाळी ते वाचून मी पलंगावर नुसता बसून राहिलो. तू गेल्यापासून प्रत्येक जण मला काही ना काही करायला सांगत होता. धीर धर, लिही, बोल, सावर. काही करायचं नाही, असं म्हणणारं कोणीच नव्हतं.

मग वहिनींना घेऊन खोलीवर गेलो. गिरजाबाईंचं रेकॉर्डिंग लावलं. आधी खरखर, कोंबडा, दूर कुठे तरी ट्रक. मग तू.

"कन्हान. गिरजाबाई. मशीन सुरू झाली. बोला माय, घाई नाही."

गाणं सुरू झालं, तशी वहिनींनी मान हलवली. "गाणं नको. मागं न्या." मी मागे नेलं. पुन्हा नेलं. मी मोजलं नाही.

'ठीक'च्या मेसेजला तू 'पाहिलं'चं बटण ठेवलेलंच नाहीस. "ठीक असल्याचं उत्तर कोण मागते?" म्हणाला होतास. रोज सकाळी माझा अंगठा ते बटण शोधतो आणि तसाच परत येतो. तू असताना तुला सांगायचं राहून गेलं की तू बरोबर होतास, इशाऱ्यांबद्दल, रोजच्या 'ठीक'बद्दल, कात्रीबद्दल. सांगायला जागा सापडत नव्हती, म्हणून एवढा लांब लेख लिहिला. तू असतास तर कापून एका शब्दावर आणला असतास. घे, मीच आणतो.

पाहिलं.